क्रमांक सतराचा कान

३ ऑक्टोबर १९५७, गुरुवार

शिल्पविद्यालयाचे सचिव बीजी सकाळी दहा वाजता येऊन गेले. भेटीची विनंती करणारी त्यांची चिठ्ठी कालच आली होती. तीत दोन विरामचिन्हे चुकली होती आणि एक वाक्य अर्ध्यावर सोडून दिलेले होते. मी ती लाल शाईने दुरुस्त करून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. मनुष्य सुस्वभावी आहे. एवढ्यावर सचिव होता येते, हे या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

काम पुढीलप्रमाणे होते. कारारा शहरातील सान चेक्कार्दो शिल्पविद्यालयात मी एकतीस वर्षे मानवाकृतीचे शिल्प शिकवले. तेथे संगमरवरावरच्या अखेरच्या हाताचे शिक्षकपद रिकामे झाले आहे. छिन्नीचे काम संपल्यावर दगडाला कातडीचा मऊपणा आणणे, यास आमच्याकडे अखेरचा हात म्हणतात. अर्जदारांत माझी कन्या ओत्ताविया आहे. एकाच टेबलाशी जेवणाऱ्या मुलीची ही बातमी मला सचिवाकडून कळावी, याची येथे नोंद करतो.

अडचण नियमाची आहे. विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत जो नापास झाला, त्याला तेथे शिकवता येत नाही. ओत्ताविया १९३१च्या ऑक्टोबरात नापास झाली. परीक्षक मी होतो. आता अपवाद एकच: ज्याने शेरा लिहिला, त्यानेच तो चुकीचा होता असे महिनाअखेरपर्यंत लिहून द्यावे.

"दोनच ओळी, प्रोफेसर," बीजी म्हणाले. "शेरा चुकला होता, खाली सही. पुढचं मी बघतो."

"आणि शेरा चुकला नसेल तर?"

"तर विषयच संपला. पण अख्ख्या कारारात ओत्तावियांसारखा हात दुसरा कोणाचा आहे, ते तुम्हीच सांगा."

उमेदवाराविषयी घरी बसून मत देण्याची माझी पद्धत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

मुसेत्ती जेवायला आला. माझ्या मूर्तींचे साचे आणि प्लास्टर चाळीस वर्षे त्याने केले. त्याच्या अराजकवादी बापाने त्याचे नाव रिबेल्ले, म्हणजे बंडखोर, असे ठेवले. मी त्या नावाने त्याला कधीही हाक मारलेली नाही.

ओत्तावियाने घेवड्याच्या दाण्यांचे सूप केले होते. त्यात हाताने कापलेल्या पिठाच्या पट्ट्या. मुसेत्तीने पावावर मुरवलेल्या चरबीचे काप पसरले आणि रशियाने आकाशात सोडलेल्या गोळ्याविषयी बोलू लागला.

"रशियनांचं मला काही कौतुक नाही," तो म्हणाला. "पण एक आहे. त्यांनी सोडण्याआधी मोजलं असणार. नुसत्या नजरेनं चार मिलिमीटर म्हणून सोडला नसेल."

माझा शेरा गावात अजून पाठ आहे, हे मला ठाऊक नव्हते. *क्रमांक १७: डावा कान मूळ प्रतिमेपेक्षा चार मिलिमीटर खाली. अपात्र.*

"परीक्षेत नावं नसतात," मी म्हणालो. "मी क्रमांक तपासला, मुलगी नव्हे."

"लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुमची तऱ्हाच उलटी. आपल्या पोरीलाच कार्टं ठरवून मोकळे झालात."

"त्याला निःपक्षपातीपणा म्हणतात."

"मी त्याला दुसरं काही म्हणतो. पण ओत्ताविया समोर आहे, म्हणून नाही म्हणत."

ओत्ताविया म्हणाली, "रिबेल्लेकाका, सूप गार होतंय. बाबा लिहितील, नाहीतर नाही लिहिणार. तुम्ही कशाला घसा कोरडा करता?" आणि तिने त्याच्या थाळीत आणखी एक पळी वाढली. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. सव्वीस वर्षे संगमरवराच्या कारखान्यात झिलईच्या आम्लात हात घातल्यावर दुसरे काय होणार?

निघताना दारात मुसेत्ती हळूच म्हणाला, "ते डोकं माझ्याकडे आहे."

"कोणते?"

"सतरा नंबर. नापासांची माती परत हौदात टाकायचं काम माझ्याकडे होतं ना? टाकण्याआधी मी त्याचा साचा घेतला, त्यातून प्लास्टरचं डोकं काढलं. मंगळवारी घेऊन येतो. ओत्ताविया कारखान्यात असेल तेव्हा."

विद्यालयाच्या मालमत्तेची ही उघड चोरी होय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

त्याने ते हातगाडीवर, घोंगडीत गुंडाळून आणले. मी ते खिडकीपाशी, उत्तरेच्या उजेडात ठेवले.

विषय ग्रीक मल्लाच्या मस्तकाचा होता. ती मूळ प्लास्टर प्रतिमा विद्यालयाच्या दालनात आजही आहे. उमेदवारांना त्यावरून सहा दिवसांत मातीत प्रतिकृती करावी लागे. समोरचे मस्तक अठरा वर्षांच्या मुलीने केलेले आहे, हे सांगितल्याखेरीज कोणास कळणार नाही. कानामागच्या केसांचा झुबका डाव्या अंगठ्याने एकाच दाबात बसवला आहे. डावखुऱ्यांना मी नेहमी उजव्या हाताने काम करावयास लावले. ओत्ताविया ऐकत नसे.

कान दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या संदर्भाने मोजल्याखेरीज वर किंवा खाली म्हणता येत नाही. मूळ प्रतिमा माझ्यापाशी नाही. म्हणून मी मत राखून ठेवतो. शिवाय माती वाळताना आकसते, हे मुसेत्तीला सांगितले. तो म्हणाला, "ओली असतानाच साचा घेतलाय, प्रोफेसर. तेवढी अक्कल मला होती."

१९३१ हे वर्ष घरात वाईट गेले. माझी पत्नी देल्फीना एप्रिलमध्ये वारली. ओत्तावियाने उन्हाळाभर घर चालवले. सुरुवातीला माझ्या कॉलरना खळ नीट बसत नसे. सप्टेंबरपर्यंत बसू लागली. या गोष्टींचा निकालाशी काही संबंध नाही. केवळ क्रमासाठी लिहून ठेवतो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दालनात गेलो. पहारेकऱ्याने ओळखले व खुर्ची दिली. मी ती नाकारली. कॅलिपर नेले होते. कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या टोकापर्यंत, पाळीपासून भुवईपर्यंत आणि पाळीपासून मानेच्या खाचेपर्यंत अशी तीन मापे तीन तीन वेळा घेतली. घरी येऊन तीच मापे क्रमांक सतराची घेतली.

फरक अर्धा मिलिमीटर आहे, तोही वरच्या बाजूस. अर्धा मिलिमीटर म्हणजे प्लास्टर फुगण्याचाच भाग. कान बरोबर आहे.

त्यानंतर १९३१ची वही काढली. परीक्षा ५ ते १० ऑक्टोबर अशी होती, सोमवार ते शनिवार. काम शनिवारी संध्याकाळी संपले. माझा शेरा मात्र शुक्रवारच्या पानावर आहे. त्याच पानावर वर लिहिले आहे: *दुपारी दालनात. एक तास.* त्याआधी व त्यानंतर काही नाही. मोजल्याचा उल्लेख नाही.

वहीत तारखेची चूक झाली असावी. माझ्याकडून अशी चूक दुसऱ्यांदा झाल्याचे मला आठवत नाही. पहिली कोणती, हेही आठवत नाही. त्या एका तासात मी काय केले, ते सांगता येत नाही.

परीक्षक मंडळातील इतर दोघांनी माझ्या शब्दावर सही केली होती. माझ्या नजरेची ख्यातीच तशी होती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

प्रमाणपत्राचा मसुदा शनिवारीच झाला होता, चार ओळींचा. परंतु तो वाचताना एखाद्या पोलीसचौकीतल्या जबाबासारखा वाटे. "मी मोजले नाही", "मी चुकलो" अशी लागोपाठची वाक्ये विद्यालयाच्या दप्तरात शोभत नाहीत. म्हणून रविवारी त्यास प्रस्तावना जोडली, सोमवारी तत्कालीन परीक्षापद्धतीतील त्रुटींचे विवेचन घातले, काल अर्जदाराच्या दीर्घ अनुभवाचा गौरव केला. आज एक पान भरले आहे. एका वाक्यात चार उपवाक्ये असून प्रत्येक आपल्या जागी चपखल आहे. असे वाक्य विद्यालयात आज कोणास लिहिता येईल, असे वाटत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

मुसेत्तीने पत्र वाचले. तो ओठ हलवीत वाचतो.

"भारी आहे," तो म्हणाला. "चर्चमध्ये मोठ्यानं वाचण्यासारखं. पण एक विचारू? यात चूक आहे, पण ती कोणाच्याच घरची दिसत नाही. अनाथ चूक आहे."

"वाचणारा सुशिक्षित असेल तर त्याला कळेल."

"प्रोफेसर, पोरीला नोकरी हवीय की वाचक?"

त्याने मग विषय बदलून मला ओत्तावियाच्या कारखान्यात नेले. रविवारी यंत्रे बंद असतात. अर्जासोबत द्यावयाचा नमुना ती तेथे करत होती. लहान मुलाचे पाऊल, पाऊण वीत लांबीचे, बोटे किंचित आत वळलेली, जणू थंड फरशीवर नुकतेच टेकले आहे. तिच्या हातात छिन्नी पाहून किती वर्षे झाली, हे मोजण्याचा प्रयत्न केला. तिने मला कधी बोलावले नव्हते. मी कधी गेलो नव्हतो.

"कसं वाटतंय, बाबा?"

"करंगळी जास्त वाकली आहे," मी म्हणालो.

"हो, बाबा," ती म्हणाली आणि करंगळीला हात न लावता टाचेवर काम करत राहिली.

मुसेत्ती खिडकीबाहेर डोंगराकडे पाहत होता. सायंकाळी मी स्वतःच्या पायाचे मोजे काढून फरशीवर पाऊल ठेवले. करंगळी तशीच वाकते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पत्र स्वतः बीजींच्या हाती दिले. त्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचले.

"फार सुंदर आहे, प्रोफेसर. फक्त... 'शेरा चुकला' हे कुठे आलंय?"

"तिसऱ्या परिच्छेदात ध्वनित आहे."

"विद्यालयाच्या मंडळाला ध्वनित चालत नाही हो. तिथे वाचणारे कमी, सही करणारे जास्त. त्यांना तो एक शब्द दिसायला हवा. इथेच बसून एक ओळ घाला ना. दौत देऊ?"

मी म्हणालो की पूर्ण झालेल्या रचनेत ओळ घुसडणे म्हणजे घडलेल्या मूर्तीला नाक चिकटवणे होय. बीजींनी दौत परत मेजावर ठेवली. त्यांनी पत्रावर शिक्का मारताना नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मुदतीस पाच दिवस आहेत, असे त्यांनी मला निघताना पुन्हा एकदा सांगितले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज मुदत संपली. पावसामुळे बाहेर पडलो नाही. पाऊस साधारण होता.

२ नोव्हेंबर, शनिवार

मृतांचा दिवस. देल्फीनाच्या थडग्यावर गेलो. ओत्तावियाने घरून पाणी व ब्रश नेला होता. तिने अक्षरांतले शेवाळ काढले. ती अक्षरे मी स्वतः कोरली होती आणि आजही त्यांतील अंतरे निर्दोष आहेत.

"आई म्हणायची, तू परीक्षा दे, घराचं मी बघते," ओत्ताविया घासता घासता म्हणाली. "रोज म्हणायची. डॉक्टर येऊन गेल्यावरसुद्धा."

मृतांची आश्वासने उद्धृत करून उपयोग नसतो. मी तिला सांगितले की ब्रश फार कडक आहे, दगडावर ओरखडे पडतील.

"नाही पडणार, बाबा. माझं हेच काम आहे."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मंडळाचा निर्णय आला. सदर पत्राने १९३१चा शेरा रद्द होत नाही. म्हणून अर्ज विचारात घेता येत नाही. नियुक्ती मास्सा गावच्या एका तरुणाची झाली. तो माझ्या शेवटच्या वर्गात होता. साधारण.

ओत्ताविया नेहमीच्या वेळी आली. हातांना ऑलिव्हचे तेल चोळले, चेस्टनटच्या पिठाचा केक भट्टीत ठेवला आणि मग बीजींनी परत दिलेली माझ्या पत्राची प्रत टेबलावर उलगडली.

"किती सुंदर लिहिलंय, बाबा. मला तीनदा वाचावं लागलं."

मी तिचे आभार मानले.

तिने कागदाच्या घड्या बोटाने सरळ केल्या. "एकच विचारते. तेव्हा तुम्ही तो कान मोजला होता का?"

"कॅलिपर माझ्या खिशात होते."

"होते, हो," ती म्हणाली. "ते नेहमीच असतात."

तिने कागद पूर्वीच्याच घड्यांवर घडी करून मला दिला व केक पाहायला उठली. केक चांगला झाला होता. दोघांनी खाल्ला. आभार मानताना मी हसलोही होतो, हे आता ही नोंद लिहिताना ध्यानात येत आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मस्तक पुन्हा खिडकीपाशी ठेवले आणि दिवसभर समोर बसलो. लिहिण्यासारखे काही नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज घडले ते जसेच्या तसे लिहितो. शैलीचा विचार करत नाही.

सकाळी एका कागदावर लिहिले: "ऑक्टोबर १९३१मध्ये क्रमांक सतराचे काम मी न मोजता नापास केले. ते काम निर्दोष होते. शेरा चुकीचा होता व ती चूक माझी होती." खाली सही व तारीख. तो कागद घेऊन बीजींकडे गेलो.

त्यांनी वाचला. "प्रोफेसर, ही फाइल बंद झाली. तो मास्सावाला आजपासून रुजूही झाला."

"मला ठाऊक आहे. तरी घ्या."

"काय उपयोग?"

"उपयोगासाठी दिलेला नाही."

त्यांनी आवक नोंदवहीत नोंद केली, शिक्का मारला आणि मला बसावयास सांगितले. मी बसलो नाही. तेथून थेट कारखान्यात गेलो.

झिलईच्या दालनात सात-आठ बाया रांगेने काम करतात. दगडावर सतत पाणी सोडलेले असते. त्याचा आवाज मोठा असतो. ओत्ताविया एका समाधीच्या शिळेवर वाकली होती. मला पाहून तिला वाटले की घरी काही झाले.

"काही नाही झालं," मी म्हणालो. "मी तो कान मोजला नव्हता."

"काय?"

"मोजला नव्हता, म्हटलं."

शेजारच्या बाईने वळून पाहिले. "कळलं मला गुरुवारीच," ओत्ताविया म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. "एवढं सांगायला इतक्या लांब चालत आलात?"

तेथे मी थांबावयास हवे होते. परंतु आयुष्यभर अपुऱ्या वाक्यांची चीड बाळगलेल्या मनुष्यास अर्धे सांगून परतता येत नाही.

"पण पाहिलं होतं," मी म्हणालो. "पाचव्या दिवशी, दुपारी. तुम्ही सगळे जेवायला गेला होतात. तुझा अंगठा मी लगेच ओळखला. तासभर उभा होतो समोर."

तिने नळ बंद केला.

"तासभर?"

"तासभर. काम बरोबर होतं. अठराव्या वर्षी माझ्या हातून तसं झालं नव्हतं. नंतरही नाही."

तिने फडक्याला हात पुसले. एक एक बोट सावकाश पुसले.

"मला वाटायचं, तुम्ही पाहिलंच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "सहा दिवस दार वाजलं की मी मान वर करायचे. तुम्ही आला नाहीत. मग मी मनाशी ठरवून टाकलं की बाबांना वेळ झाला नसेल. कोणीतरी कानाचं काहीतरी सांगितलं असेल आणि त्यांनी लिहून टाकलं असेल. पाहिलं असतं तर असं केलं नसतं. माझे बाबा पाहतील आणि तरी नापास करतील, असं होणार नाही. सव्वीस वर्षं मी ह्यावर काढली, बाबा."

माझा हात खिशातल्या कॅलिपरवर गेला.

"हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"ओत्ताविया—"

"घरी जा. फरशी ओली आहे, भिंतीच्या कडेकडेनं जा."

तिने नळ पुन्हा सोडला आणि शिळेवर वाकली. मी भिंतीला हात लावून, कडेकडेने बाहेर आलो.